आमची वाटचाल: परभणीची लिप बामची डबी

राज्यात सगळ्यात कमी तापमान कुठं, तर थंडीच्या बातम्यांत बऱ्याचदा आमच्या परभणीचंच नाव असतं. हवा पण कोरडीठाक, त्यामुळं ओठ उलणं इथं काही नवीन नाही, घरोघरी तूप नायतर लोणी लावून झोपायचं. मग बाम कशाला, हे पहिल्यांदा आमच्या सासूबाईंनीच विचारलं. रात्री तूप बरंच आहे हो, पण दिवसा शेतात कापूस वेचताना ते टिकत नाही अन् धूळ चिकटते ती वेगळीच.

सुरुवात मधमाशीचं मेण, खोबरेल अन् करडीचं तेल यांवर केली. करडी आपल्या मराठवाड्याचं पीक, इथल्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण पण काढलेत, त्यामुळं ती घालायचीच होती, फक्त हे तेल लवकर खवट होतं म्हणून थोडंच घेतलं अन् सोबत व्हिटॅमिन ई. खरी कसरत मेणाची. खोबरेल २४-२५ डिग्रीलाच पातळ होतं अन् मे महिन्यात इथं पारा ४२ च्या वर, मेण मात्र ६० च्या पुढं गेल्याशिवाय वितळत नाही, म्हणून उन्हाळ्याच्या मालात मेण जास्त अन् थंडीत कमी, नायतर बाम ओठावर फिरतच नाही. उन्हाळ्यात प्रत्येक बॅचची एक डबी स्कूटीच्या डिक्कीत दुपारभर ठेवतो, हीच आमची लॅब, हसू नका.

विकायचं म्हणलं की कॉस्मेटिकचं लायसन, त्याला वेगळी जागा, लेबलवर बॅच नंबर, एक्सपायरी, सगळं आलं. ते केलं.

स्टिक दाखवली की गडी माणसं म्हणायची, ताई ही लिपस्टिक हाय का? म्हणून चुन्याच्या डबीएवढी चपटी डबी केली, आता ट्रॅक्टरवाले पण नेतात.

दुकानदार सारखे म्हणतात, थंड थंड काहीतरी टाका, खपतं. पण मेंथॉल नायतर कापूर उललेल्या ओठाला अजून चुरचुरतो, आम्ही टाकत नाही. अन् गिऱ्हाईकाला एक सांगतोच, सारखी जीभ फिरवू नका, ओठाला स्वतःच्या तेलाच्या ग्रंथी जवळपास नसतात, थुंकी वाळली की तो अजून कोरडा पडतो. तोंडाचे कोपरे चिरलेत अन् बरेच होईनात, असं कुणी म्हणलं तर आम्ही डबी देत नाही, आधी डॉक्टरला दाखवा म्हणतो.