दाराआधी फरशी

बाणेरच्या एका सहा मजली ऑफिस-इमारतीत दारांचं नियोजन माझ्याकडे आलं, तेव्हा माझा सगळा अनुभव आरसीसी आणि वीटकामाचा होता. दारं म्हणजे रंगाच्या आधी बसवायची वस्तू, अशी माझी समजूत. इमारतीत लहानमोठी ८६ दारं होती आणि ड्रॉइंगमध्ये ती सगळी पाच प्रकारांत बसवलेली होती.

पहिला आठवडा मी फक्त तक्ता केला. प्रत्येक दाराला स्वतःचा नंबर दिला आणि पुढे रकाने आखले: गाळ्याचं (दारासाठी भिंतीत सोडलेल्या मोकळ्या जागेचं) माप, भिंतीची जाडी, बिजागरी डावीकडे की उजवीकडे, दार कुठे उघडणार, कुलूप, क्लोजर (दार आपोआप मिटवणारं यंत्र), आगीपुढे किती मिनिटं टिकणारं. ‘कुठे उघडणार’ या रकान्यातच पहिली चूक सापडली. वरच्या मजल्यांवर आग लागली तर लोक ऑफिसातून जिन्यात शिरणार, म्हणून दार जिन्याच्या बाजूला उघडायला हवं. तळमजल्यावर तेच लोक जिन्यातून बाहेर पडणार, तिथे दार उलट, बाहेरच्या बाजूला उघडायला हवं. ड्रॉइंगमध्ये जिन्याची सगळी दारं एकाच प्रकारात होती. तशीच ऑर्डर गेली असती तर सहा मजल्यांची गर्दी खाली येऊन दारावर रेटली असती आणि दार तिच्या अंगावर उघडलं असतं.

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये याबद्दल स्पष्ट लिहिलंय. बाहेर पडण्याच्या दाराची रुंदी किमान १००० मिमी आणि उंची किमान २००० मिमी हवी, ते आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे आणि उघडताच थेट पायरी लागता कामा नये. हे वाचून मी दोरी आणि खडू घेऊन जिन्यात गेले. बिजागरीच्या जागी दोरीचं टोक धरायला मदतनीसाला उभं केलं आणि झडप जेवढी फिरणार तेवढं पाव वर्तुळ जमिनीवर काढलं. गच्चीच्या मजल्यावर ते वर्तुळ सरळ पहिल्या पायरीवर चढलं! तिथे ब्लॉकचे दोनच थर लागले होते. गवंड्याने अर्ध्या दिवसात ते काढून भिंत ३०० मिमी मागे घेतली. प्लास्टर झालं असतं तर याच कामाला आठवडा गेला असता, म्हणून पुढे प्रत्येक मजल्यावर ब्लॉक लागण्याआधी खडू फिरला.

दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाचं दारही असंच निसटलं असतं. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तिथे ९०० मिमी मोकळी वाट हवी. तक्त्यात ‘९००’ लिहिलेलं होतं, पण ते चौकटीचं बाहेरचं माप. चौकटीच्या दोन्ही बाजू आणि उघड्या झडपेची जाडी वजा केली तर जेमतेम ८०० उरतात. व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाचे हात चाकावर असतात आणि बोटं चौकटीला घासतात, हे मी माझ्या आजीच्या खुर्चीमुळे घरातच पाहिलेलं आहे. तो गाळा मी लगेच वाढवून घेतला.

खरी चूक माझ्या हातून झाली ती फरशीची. चौकटी बसवणारे मिस्त्रीकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, “ताई, फरशी कुठपर्यंत येणार ते सांगा, मग चौकट उभी करतो.” मी ड्रॉइंग बघून सांगितलं, स्लॅबच्या वर ५० मिमी. काकांनी पाण्याची नळी लावून भिंतीवर फरशीपासून एक मीटर उंचीची रेघ मारली, ओळंबा धरला, चौकटी होल्डफास्टने (भिंतीत रुतणाऱ्या लोखंडी पट्ट्यांनी) पकडून मागे ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) भरलं. काम नेटकं होतं. दरम्यान मालकांनी लॉबीसाठी टाइलऐवजी ग्रॅनाइट पसंत केला आणि फरशी ७० मिमीवर गेली. मला ते कळलं ते पहिल्या मजल्यावर दगड बसल्यावर.

साधं लाकडी दार असतं तर सुताराने खालून रंधा मारला असता. ही जिन्याची दोन दारं म्हणजे आगीपुढे १२० मिनिटं टिकणारी फायर डोअर होती. आतलं भरण, पत्र्याची घडी, कडेने लावलेली आणि उष्णतेने फुगणारी पट्टी, या सगळ्यासकट असं दार भट्टीत तपासलं जातं आणि मग त्याला प्रमाणपत्र मिळतं. खालून २० मिमी कापलं की ते तपासलेलं दार उरत नाही. फॅब्रिकेटर “कोण बघतंय” म्हणाला. मी नकार दिला. चौकटी जागेवरच ठेवल्या आणि मोकळी उंची मोजली: २०४० मधून २० गेले, २०२० उरले, नियमापेक्षा वरच. त्या दोन दारांच्या झडपा कंपनीकडून २० मिमी आखूड करून नव्याने मागवल्या. त्या यायला सहा आठवडे लागले. त्यानंतर फरशीच्या नमुन्यावर मालकांची सही झाल्याशिवाय मी काकांना एकही लेव्हल दिली नाही.

शेवटची रात्र विसरणार नाही. ऑफिसच्या मुख्य दाराला कार्डने उघडणारं चुंबकी कुलूप होतं. मी फायर अलार्मचं बटण दाबायला लावलं. भोंगा वाजला, दिवे लुकलुकले आणि दार घट्टच राहिलं. कुलपाची वीज यूपीएसवरून येत होती, पण अलार्मच्या पॅनेलपासून तिथपर्यंत वायरच ओढलेली नव्हती, कारण चौकटीत त्यासाठी पाइपच टाकला नव्हता. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १९९७ साली आगीत ५९ माणसं गेली, तिथे बाल्कनीची दारं बंद होती. दांडी धरून मी ओढत होते तेव्हा तेच डोक्यात होतं. छतातून नवी वायर आणली, रिले (अलार्म वाजताच कुलपाची वीज तोडणारा स्विच) बसवला आणि बटण दाबताच कुलूप सुटेपर्यंत तीनदा चाचणी घेतली. पहाटेचे दोन वाजले होते.

महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. जुलैत मी तपासणीसाठी गेले तर तिसऱ्या मजल्यावरच्या फायर डोअरला वीट लावलेली. रखवालदारदादा म्हणाले, “मॅडम, चहाचा ट्रे घेऊन पोरगं दहा वेळा जातं, दोन्ही हात गुंतलेले असतात.” त्यांचं म्हणणं रास्त होतं. वीट काढली आणि तिथे भिंतीत दार धरून ठेवणारं चुंबक बसवलं, अलार्म वाजला की सोडणारं. चहावाल्या पोराला दादांनी स्वतः बटण दाबून दार आपोआप मिटताना दाखवलं.