पाळकसाहेब निवृत्त झाले आणि आमच्या मंडळीला कामाला लागावं लागलं

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी (पास्टरांनी) निवृत्तीचं पत्र दिलं तेव्हा मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत सगळ्यांच्या डोक्यात एकच विषय होता: नवीन पाळक कोण आणि कधी येणार? मी कमिटीची सेक्रेटरी असल्यामुळे पत्रव्यवहार माझ्याकडे होता. वरच्या कार्यालयाला कळवायचं, दोनतीन नावं येतील, त्यांना उपदेशाला बोलवायचं, मंडळी मतदान करेल आणि विषय मिटेल, असा आमचा हिशेब होता.

वरून उलटंच उत्तर आलं. कायमचा पाळक लगेच मिळणार नाही. आधी हंगामी पाळक येतील आणि तेवढ्या काळात मंडळीने स्वतःची नीट तपासणी करायची. बैठकीत नाराजी उसळली. "आमच्यात काय बिघडलंय?" हा प्रश्न तर प्रत्येकाने आपापल्या शब्दांत विचारला.

हंगामी पाळकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की कायमच्या जागेसाठी ते उमेदवार नाहीत. बऱ्याच संप्रदायांत तसा नियमच असतो आणि त्यामागचं शहाणपण मला पुढे कळलं. ज्याला इथे राहायचं नाही, त्याला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. दोन पाळकांच्या मधल्या या काळाचा पद्धतशीर विचार अमेरिकेत लोरेन मीड या पाळकांनी आणि त्यांनीच 1974 मध्ये काढलेल्या आल्बन इन्स्टिट्यूट या चर्चना सल्ला देणाऱ्या संस्थेने केला. त्यातून मंडळीपुढची पाच कामं ठरली: आपला इतिहास पचवणं, आपण आज कोण आहोत हे शोधणं, नेतृत्वातला बदल होऊ देणं, संप्रदायाशी नातं ताजं करणं आणि पुढच्या वाटेवर मनापासून उभं राहणं. इतिहासाची संध्याकाळ छान झाली. जुन्या आठवणी निघाल्या आणि दोन जुनी भांडणंही मोकळी झाली. अडलो ते तिसऱ्या कामावर.

त्यासाठी हंगामी पाळकांनी भिंतीवर मोठा कागद लावला. मंडळीत होणारं प्रत्येक काम एका बाजूला आणि ते करणाऱ्याचं नाव त्याच्यासमोर लिहायचं. उपासनेतलं वाचन, गायन, संडे स्कूल, देणग्यांची मोजणी, आजाऱ्यांच्या भेटी, नव्याने आलेल्यांची चौकशी, दार उघडणं, माइक लावणं, सगळंच. कागद भरत गेला तसं खोलीतलं बोलणं कमी होत गेलं. तीच मोजकी नावं फिरून फिरून येत होती. पाळकसाहेबांचं नाव तर कुठेही सापडत होतं. पाणी गळतंय हे बघणारे तेच आणि सभागृहाच्या चाव्या सांभाळणारेही तेच. आजाऱ्यांच्या भेटींसमोर फक्त त्यांचंच नाव होतं. इतकी वर्षं आम्ही त्याला त्यांचं समर्पण म्हणत आलो होतो.

त्या आठवड्याच्या बायबल अभ्यासाला निर्गम 18 होता. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसलेला आणि सासरा इथ्रो त्याला म्हणतो की तू जे करतोस ते बरं नाही. हा अध्याय सगळ्यांच्या ओळखीचा. पण इथ्रो पुढे म्हणतो, अशाने तू थकशील आणि हे लोकही थकतील. एका मावशींनी तिथेच थांबवलं. "लोक का थकतील? ते तर नुसते रांगेत उभे आहेत." मग त्यांनीच उत्तर दिलं, "उभं राहूनच थकतात." इथ्रोचा तोडगा म्हणजे हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर माणसं नेमणं. आमच्याकडे हजार नव्हतेच, पण दहांवरही कोणी नव्हतं.

मग प्रश्न आला माणसं आणायची कुठून. उपासनेनंतर रीतसर जाहीर केलं की सेवेसाठी पुढे या. कोणीही आलं नाही. मला तरी आश्चर्य वाटलं नाही. "सगळ्यांना विनंती आहे" म्हटलं की प्रत्येकाला ती शेजाऱ्यासाठी वाटते. त्यानंतर आम्ही दोघादोघांच्या जोडीने लोकांना भेटायला लागलो. त्यातून एक रीत बसली: समोरच्याला तुमच्यात आम्हाला काय दिसतं ते सांगायचं, काम नेमकं काय ते सांगायचं आणि ते कधी संपेल तेही सांगायचं. तिसऱ्या गोष्टीने फार फरक पडला. शेवट दिसत नसलेलं काम माणूस नाकारतो, कारण "तात्पुरतं" म्हणून घेतलेली जबाबदारी केस पांढरे होईपर्यंत सुटत नाही हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

कोणाला घ्यायचं यावर मात्र चांगलीच जुंपली. तरुण मुलं आणि नव्याने आलेली कुटुंबं यांची तक्रार जुनीच होती की निर्णय आधीच झालेले असतात, आम्हाला फक्त कळवलं जातं. तेव्हा बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा अध्याय 6 काढला. अगदी पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतं अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावलं आणि सात जणांना निवडायला सांगितलं. आता ती नावं बघा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही ग्रीक नावं. ज्या बाजूने तक्रार आली, बहुधा त्याच बाजूच्या हातात वाटप गेलं. एवढं वाचून झाल्यावर मंडळीतल्या एका वडिलांनी (एल्डरांनी) पौलाच्या पत्रांतलं 1 तीमथ्य 3 उघडलं. अध्यक्ष नवशिका नसावा आणि सेवकांची आधी पारख व्हावी, असं तिथे लिहिलंय. त्यांचंही चूक नव्हतं. एकजण वैतागून म्हणाला, यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना टाकल्या तशा चिठ्ठ्या टाकू या का? त्यावर सगळे हसले. (अमेरिकेतल्या साधेपणाने राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाचे लोक आपले सेवक आजही चिठ्ठीनेच ठरवतात हे सांगितलं तेव्हा हसू जरा ओसरलं.) शेवटी दोन्ही वचनं धरून ठरलं की नव्या माणसाला पद द्यायच्या आधी काम द्यायचं आणि वर्षभर ते नीट झालं तर पदाचं बघायचं.

सर्वांत अवघड होतं जुन्यांनी जागा सोडणं. मंडळीच्या घटनेत दुरुस्ती मांडली: एका पदावर तीन वर्षं, फार तर लागोपाठ दोनदा, मग सुट्टी. हिशेब सांभाळणाऱ्या काकांनी कडाडून विरोध केला. कुजबुज सुरू झाली की काकांना सत्ता सोडवत नाही. मी त्यांच्या घरी गेले. बराच वेळ ते नियमावलीबद्दलच बोलले आणि मग म्हणाले, "वही गेली की रविवारी माझ्याशी कोण बोलणार? लोक पावतीसाठी तरी येतात." या प्रश्नावर घटनेत कलम नाही. नेतृत्व बदलण्याच्या चर्चांत नव्या माणसांबद्दल ढीगभर बोललं जातं. सोडणाऱ्याचं रविवारी काय होतं, हे कोणी विचारत नाही आणि बदल तिथेच अडतो असं माझं मत झालंय.

काकांसाठी तोडगा निघाला तो 2 तीमथ्य 2:2 मधून. प्रेषित पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला सांगितलं, तीमथ्याने विश्वासू माणसांना सोपवावं आणि त्यांनी पुढे इतरांना शिकवावं. एका वचनात चार पिढ्या. आम्ही नियमच केला की पद सोडणाऱ्याने आधी कोणाला तरी तयार करायचं आणि शिकवणाऱ्यालाही कमिटीने मान द्यायचा. काकांकडे दोघं शिकायला बसली. त्यातली मुलगी बँकेत काम करणारी, तिने वर्षाअखेरीस सगळा हिशेब संगणकावर नेला. काका अजून वही लिहितात. दोन्ही ताळेबंद जुळतात का ते दर महिन्याला पाहतात आणि एखादा आकडा चुकलेला सापडला तर त्यांचा आनंद लपत नाही.

आता राहिल्या घरोघरच्या भेटी. त्यासाठी गट करायची कल्पना मला मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या एका गोष्टीवरून सुचली होती. 1742 मध्ये ब्रिस्टलला सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने सुचवलं की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा जणांचा गट करावा आणि एकाने ती गोळा करावी. गोळा करणारे घरोघर गेले तेव्हा त्यांना कोण आजारी आहे, कोणाच्या घरात भांडण आहे, कोण विश्वासात डगमगलंय हे दिसायला लागलं. पैशासाठी काढलेल्या गटांतून मेथडिस्टांच्या क्लास मीटिंगा, म्हणजे एकमेकांची काळजी घेणाऱ्या लहान गटांच्या बैठका, उभ्या राहिल्या. आम्ही वर्गणीचा भाग गाळला आणि सभासदांची यादी लहान गटांत वाटली. प्रत्येक गटाला एक माणूस दिला. त्याने फोन करायचा, घरी जायचं, ऐकायचं आणि जमलं तर प्रार्थना करायची.

त्यावर शंका आली की पाळकपदाची दीक्षा नसलेल्यांनी हे सगळं केलं तर पाळकाचं काय उरणार? धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1520 मध्येच लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्याने सगळेच ख्रिस्ती याजक, म्हणजे धर्मगुरू, आहेत. पण त्याच लेखनात तो हेही म्हणतो की सगळे सारखे आहेत म्हणूनच कोणी मंडळीच्या संमतीशिवाय स्वतःहून पुढे होऊ नये. आमच्या गटांना मग उपासनेत उभं करून मंडळीसमोर नेमलं. प्रभुभोजन आणि बाप्तिस्मा दीक्षित पाळकांकडेच राहिले, त्यावर वाद नव्हता.

एवढं झाल्यावर नव्या पाळकासाठीचं पत्र पुन्हा लिहायला घेतलं. पहिल्या मसुद्यात आम्हाला तरुण पण अनुभवी, प्रभावी वक्ता, मुलांत रमणारा, हिशेबात पक्का आणि सतत घरोघर फिरणारा माणूस हवा होता. असा माणूस जन्माला यायचाय. नव्या मसुद्यात मुख्य अपेक्षा बायबलमधल्या इफिस 4 ची ठेवली: पवित्र जनांना, म्हणजे सगळ्या विश्वासणाऱ्यांना, सेवेच्या कामासाठी सिद्ध करणारा. मुलाखतीतला माझा प्रश्न एकच होता, "आधीच्या मंडळीत तुम्ही कोणाला तयार केलंत आणि तो आता काय करतो?" एका उमेदवाराने आपल्या उपदेशमालांबद्दल सांगितलं. दुसऱ्याने संडे स्कूलपासून उपदेशापर्यंत पोचलेल्या एका गवंड्याची हकीकत सांगितली, त्यात त्याला किती चुका करू दिल्या हेही सांगितलं. मतदान गुप्त झालं, दुसरे निवडून आले.

आता तक्रारी नाहीत असं नाही. मागच्याच महिन्यात ऑपरेशन होऊन घरी आलेले एक आजोबा चिडले होते, "माझ्याकडे कोणी फिरकलंच नाही." त्यांच्या गटातले चौघं वेगवेगळ्या दिवशी जाऊन आले होते. पण पाळकसाहेब गेले नव्हते, म्हणजे मंडळी गेली नव्हती. नवे पाळकसाहेब दुसऱ्या दिवशी गेले, पण गटातल्या ताईंना बरोबर घेऊन. वचन त्यांनी वाचलं आणि प्रार्थना ताईंना करायला सांगितली. आता गंभीर आजारात पहिली भेट अशी जोडीनेच द्यायची असं ठरलंय. कमिटीतल्या निम्म्या लोकांना वाटतं याने जुनी सवय परत येईल. मला तसं वाटत नाही. पुढच्या वार्षिक सभेत हा विषय पुन्हा निघणार आहे.