भुवयांनी दिलेलं उत्तर

शुक्रवार, संध्याकाळ. माजुरो, पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांची राजधानी.

आज अकरा दिवसांनी पाऊस आला. पाचवीचा गणिताचा तास चालू होता, अपूर्णांकांची बेरीज. पत्र्यावर पहिले थेंब वाजले आणि बघता बघता माझाच आवाज मला ऐकू येईना. खडू खाली ठेवला. मागच्या बाकावरची दोन मुलं न विचारता बाहेर पळाली, पन्हळीत अडकलेली झावळी काढायला. त्यांना रागवायचा प्रश्नच नव्हता. जानेवारी ते एप्रिल हे इथले कोरडे महिने, आणि आम्हाला प्यायला पाणी म्हणजे छपरावरून टाकीत उतरेल तेवढंच. शहराच्या जलाशयातसुद्धा विमानतळाच्या धावपट्टीवर पडलेलं पावसाचं पाणी साठवतात. टाकीत धार पडल्याचा आवाज आला तेव्हा अख्ख्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

हे कंकणद्वीप समुद्रापासून जेमतेम दोनेक मीटर वर आहे. आमच्या शाळेपाशी जमीन इतकी चिंचोळी की एका बाजूला लगून, म्हणजे कंकणाच्या आतलं शांत पाणी, दुसऱ्या बाजूला उघडा पॅसिफिक, आणि मध्ये शाळा, माड आणि गावातून जाणारा तो एकच मोठा रस्ता. ऑगस्टमध्ये आले तेव्हा रात्र रात्र झोप लागायची नाही. एका कानात लाटांचे धपके, दुसऱ्या कानात नुसती चुळबुळ. आता त्याशिवाय झोप लागत नाही.

वह्या दमट हवेने फुगतात, पुस्तकांच्या बांधणीला बुरशी धरते. डब्यात भात आणि मासे, कधी भाजलेला नीरफणस. कॉलेजचं एक वर्ष थांबवून मी इथे शिकवायला आले, ते देवाचं काम म्हणून. अजूनही तसंच मानते. पण या कामातली पहिली गोष्ट मला एका दहा वर्षांच्या मुलाने शिकवली.

ऑगस्टचाच दुसरा आठवडा. त्याला विचारलं, "गृहपाठ केलास का?" तो माझ्याकडे बघत राहिला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. त्याला उभं केलं, "तोंडाने उत्तर दे" म्हणाले. तो उभा राहिला, वही छातीशी धरून, आणि डोळे हळूहळू भरून आले. तीन दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी शेजारच्या वर्गावरच्या इथल्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तो दर वेळी हो म्हणतोय. इथे हो म्हणायला भुवया उंचावतात. क्षणभर, केसभर. मी त्याच्या ओठांकडे बघत बसले होते, आणि उत्तर दोन बोटं वर दिलं जात होतं. वही उघडून पाहिली तर तिन्ही दिवसांचा गृहपाठ पूर्ण. त्याची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर. त्यावरही भुवयाच उंचावल्या, आणि या वेळी मला दिसल्या.

'नाही'साठी इथे शब्द आहे 'जाब'. आपण जाब विचारतो, ही माणसं जाब म्हणून नकार देतात. मोठ्यांना नकार द्यायला मात्र मुलं फार कचरतात, शिक्षकांना तर जास्तच. म्हणून हो दिसलं तरी ते मनापासूनचं आहे का, हे पाहायला मी हल्ली थोडी थांबते.

पुढच्या आठवड्यात १ मार्चची सुट्टी. १९५४ साली त्या दिवशी अमेरिकेने इथल्याच बिकिनी बेटावर आपला सगळ्यात मोठा हायड्रोजन बॉम्ब फोडला. राख रोंगेलाप बेटावर पडली, मुलं त्या पांढऱ्या भुकटीत खेळली. १९४६ ते १९५८ या काळात या बेटांवर एकूण ६७ चाचण्या झाल्या. वर्गात हे सांगण्यासाठी वाचत होते, आणि एका जागी अडकले. फेब्रुवारी १९४६, रविवारची उपासना संपलेली. अमेरिकी नौदलाचा अधिकारी बिकिनीच्या लोकांसमोर आला, त्यांना बायबलमधल्या इस्राएल लोकांची उपमा दिली आणि मानवजातीच्या भल्यासाठी बेट सोडाल का म्हणून विचारलं. सगळं देवाच्या हाती आहे असं मानून आम्ही जाऊ, असं त्यांच्या प्रमुखाने सांगितलं. १६७ माणसं रोंगेरिक नावाच्या दुसऱ्या बेटावर हलवली. तो होकार नंतर कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा वदवून घेतला.

त्या पानावरून मला पुढे जाता येईना. तेच पवित्र शास्त्र, बायबल, हातात घेऊन मी रोज सकाळी या मुलांसमोर उभी राहते. माझा विश्वास त्याने ढळला नाही, पण आवाज खाली आला. माझ्या देवाचं नाव घेऊन बिकिनीच्या लोकांकडून त्यांचं घर मागून घेतलं होतं. मंगळवारी मी वर्गाला हे सगळं सांगितलं, तो उपासनेचा भागही वगळला नाही. एक मुलगी म्हणाली, तिच्या आजीला हे सगळं माहीत आहे. मग पुढचं तिने सांगितलं आणि मी खाली बाकावर बसून ऐकलं.

आता सूर्य मावळलाय, शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागला. इथे वर्षभर सव्वासहा ते सातच्या दरम्यानच मावळतो. व्हरांड्यात गाणी झाली, दाराशी चपलांचा ढीग होता. शास्त्रभाग वाचायची वेळ आली तेव्हा मी त्याच मुलाला विचारलं, "तू वाचशील?"

"जाब," तो म्हणाला. स्पष्ट, तोंडाने.

मी पुस्तक त्याच्या बहिणीकडे दिलं. तो माझ्या शेजारी सरकून बसला, आणि ती वाचत असताना ओळीवर त्याचं बोट फिरत राहिलं.