लालबाग ते वडाळा, मुंगीच्या सोबतीने

आषाढीला पंढरपूर गाठणं ज्यांना जमत नाही, त्या मुंबईकरांचा विठोबा वडाळ्याला आहे. या देवळाला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात आणि एकादशीला शहराच्या कानाकोपऱ्यातून दिंड्या तिथे पायी येतात. आमची लालबागहून निघते. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, तरी भजनी मंडळातल्या जुन्या माणसांचे गळे अजून खणखणीत आहेत.

परळपर्यंत ‘ज्ञानोबा-तुकाराम’ चाललं होतं. ज्ञानेश्वरी १२९० सालची, तुकोबा सतराव्या शतकातले. मधली तीन-साडेतीन शतकं एका दमात ओलांडून आपण दोघांना शेजारी उभं करतो. कुणाला त्याचं नवल वाटत नाही, मला दर वर्षी वाटतं. तुकोबांनीच सांगून ठेवलंय की नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि शतकोटी अभंगांचं राहिलेलं काम माझ्यावर सोपवून गेले: ‘उरले शेवटी लावी तुका’. आपली कविता म्हणजे आधीच्या कवीचं उरलेलं काम, असं इतक्या मोकळेपणाने सांगणारा एवढा मोठा कवी माझ्या वाचनात दुसरा नाही.

हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणी भरलेलं. बुवांनी तिथेच चाल बदलली. ‘लहानपण दे गा देवा’ एवढंच म्हणून ते थांबले आणि मागून अख्खी दिंडी उठली, ‘मुंगी साखरेचा रवा!’ माझ्या शेजारी डोक्यावर तुळस घेतलेल्या एक मावशी होत्या. एका हाताने वृंदावन सावरलेलं, दुसऱ्या हाताने साडीचा काठ पाण्याच्या वर धरलेला. ऐरावताचं चरण त्यांनी बुवांच्याही आधी उचललं.

जुन्या ओळीची आठवण देणारी ओळ फक्त बहुश्रुतांसाठी असते, हे मला कधीच पटलेलं नाही. आपल्याकडे अर्धी ओळ सांगणाऱ्याची आणि अर्धी ऐकणाऱ्याची. तळटीप लागते ती ऐकणारा उरला नाही की.

ही मुंगीच बघा. मुक्ताबाईंची मुंगी आकाशात उडते आणि सूर्याला गिळते. तुकोबांना लहान व्हायचंय, तर तीच मुंगी साखरेच्या कणाशी येते. आणि मग विसाव्या शतकात, यंत्रयुगातल्या माणसांच्या गर्दीकडे बघत मर्ढेकर लिहितात, ‘मी एक मुंगी, हा एक मुंगी’. तुकोबांनी लहानपण मागून घेतलं होतं. इथे ते न मागता सगळ्यांच्या माथी मारलंय. तुकोबांचा अभंग ज्याच्या कानात आहे त्यालाच मर्ढेकरांची ओळ खरी टोचते, असं मी मानते. त्यांनी तो अभंग डोळ्यांपुढे ठेवला होता का, हा प्रश्न मला गौण वाटतो. मराठीत मुंगी म्हटलं की साखर आपसूक आठवते.

दादर टीटीला केळी आणि राजगिऱ्याचे लाडू वाटत होते, तिथे जरा टेकलो. मी मावशींना म्हटलं, ‘मावशी, मुंबईत एक कवी होऊन गेले, त्यांचीही मुंगी आहे.’ आणि ती ओळ म्हणून दाखवली.

लाडू हातातच ठेवून त्यांनी ऐकलं. ‘सगळेच मुंग्या?’ म्हणाल्या. ‘मग साखर कुठंय, बाई?’

मर्ढेकरांवर मी बरंच वाचलंय. हा प्रश्न कुठे वाचल्याचं आठवत नाही.

फाइव्ह गार्डनपासून पुढे माणसांचा पूर होता, दर्शनाच्या रांगेचं टोक दिसेना. मुखदर्शनावर समाधान मानायचं ठरलं. मावशी मात्र कवितेवरच अडून बसल्या होत्या. पुढच्या ओळी मला धड आठवेनात, तसं म्हणाल्या, ‘गुरुवारी आमच्या भजनाला ये आणि पुस्तकातून सगळी वाच. मुक्ताईचा अभंग आमच्या एकीला पाठ आहे, ती आधी म्हणेल, मग तू वाच.’