हात वर करायचे नाहीत

स्तन लहान करण्याचं ऑपरेशन झाल्याचं मी कोणापासून लपवलं नाही. त्यामुळे विचारणाऱ्या बायका कुठेही भेटतात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, डोंबिवलीच्या फलाटावर. आवाज एकदम खाली येतो. "घरी आल्यावर फार दुखलं का गं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुखलं, पण सोसण्याइतकं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस छाती ठणकत होती, मग पॅरासिटामॉलवर भागायला लागलं. मान आणि पाठ जी वर्षानुवर्षं भरून यायची, ती उलट लगेच हलकी वाटली. दुखण्याची एवढी धास्ती घेऊ नका. धास्ती घ्यायचीच तर हातांची घ्या.

सर्जननी घरी सोडताना सांगितलं, पहिले काही आठवडे कोपर खांद्याच्या वर न्यायचं नाही, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. ऐकताना मी मान डोलावली. घरी आल्यावर कळलं की आमचं घर बाईच्या वर गेलेल्या हातांवर चालतं. चहा-साखरेचे डबे वरच्या फळीवर, कपड्यांच्या दोऱ्या छताला, देव भिंतीवरच्या देव्हाऱ्यात. भरलेली बादली म्हणजे पंधरा किलो. डाळ-भात लावलेला कुकर नाही, कणीक तिंबणं नाही. स्वतःची वेणीसुद्धा नाही! ती लेकीने घातली, रोज वाकडी.

हे पथ्य उगाच नसतं. माझ्या ऑपरेशनमध्ये छेद स्तनाग्राभोवती, तिथून सरळ खाली आणि मग स्तनाखालच्या घडीतून आडवा होता. बऱ्याच जणींचा असाच असतो. खाली जिथे उभी आणि आडवी शिवण मिळते, तिथे कातडीवर ताण सगळ्यात जास्त आणि रक्तपुरवठा बेताचा. हात ताणला की ओढ तिथेच बसते. पथ्य पाळूनही माझी त्या कोपऱ्यातली जखम थोडी उकलली. हे बऱ्याच जणींना होतं, नुसत्या ड्रेसिंगवर ती भरते, पण वेळ घेते. मधुमेह असेल किंवा घरात कोणी तंबाखू-सिगारेटवालं असेल, तर ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांशी बोला.

म्हणून माझा पहिला सल्ला असा, की दवाखान्यात जाण्याआधी रोज लागणारी प्रत्येक वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. फोनचा चार्जरसुद्धा. आणि घरातल्यांना 'मदत करा' असं मोघम सांगू नका, कामं वाटून द्या. आमच्याकडे कुकर नवऱ्याकडे गेला आणि अजून त्याच्याकडेच आहे.

आराम मागणं मात्र अवघड जातं. बाळंतिणीला सव्वा महिना कोणी कामाला हात लावू देत नाही, शेक-शेगडीपासून सगळं ठरलेलं असतं. या ऑपरेशनला तसा रिवाजच नाही. निम्म्या लोकांना ही हौस वाटते, उरलेले हळूच विचारतात, "गाठ होती का?" (नव्हती. काढलेला भाग तपासणीला पाठवतात, रिपोर्ट येईपर्यंत पोटात थोडा गोळा येतोच.) स्तनांखाली घामाने सतत चिघळणारी कातडी, पट्ट्यांनी खांद्यात पडलेले खड्डे, हे बघितल्याशिवाय कोणाला समजत नाही. सासूबाईंनी मात्र काही न विचारता डिंकाचे लाडू केले. वेदनाशामक गोळ्यांनी पोट आधीच साफ होत नव्हतं, त्यात डिंक! लाडवाबरोबर इसबगोल घेत राहिले, पण लाडू सोडले नाहीत.

झोप उताणीच, डोक्या-खांद्यांखाली उशा रचून. कुशीवर झोपायची सवय असेल तर हे दुखण्यापेक्षा जास्त छळतं. समोरून उघडणारी सर्जिकल ब्रा मला दिवसरात्र सहा आठवडे सांगितली होती. दोन घ्या, म्हणजे एक धुता येते. आणि शक्य असेल तर ऑपरेशन थंडीत करा. मे महिन्यात आपल्याकडे ती अंगावर ठेवणं ही शिक्षा आहे.

लोळत मात्र पडू नका. घरातल्या घरात पहिल्या दिवसापासून चालायचं, पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. एकच बाजू अचानक फुगून टणक झाली, ताप 100.4 च्या वर गेला, जखमेतून पू आला, पोटरी सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, तर सोमवारची वाट न बघता लगेच फोन करायचा.

स्तनाग्रं बधिर होती, हे आधी सांगितलेलं असूनही विचित्र वाटलं. पुढे मधूनच विजेसारखी कळ यायची. नसा जाग्या होतात तेव्हा तसं होतं. काहींची संवेदना पूर्ण परतत नाही, आणि पुढे बाळाला अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. मूल व्हायचं असेल तर हे आधीच विचारून घ्या. व्रण पहिले काही महिने लालच दिसतात, फिके व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. नव्या ब्रांची खरेदीही सूज उतरेपर्यंत थांबवा, माप बदलत राहतं. पुढे कधी मॅमोग्राफी कराल तेव्हा हे ऑपरेशन झाल्याचं न विसरता सांगा, आतले व्रण फोटोत दिसतात.

आणि नोकरीचं विचारलंत. बसून करायचं काम असेल तर दोनेक आठवड्यांत जमतं, मला जमलं. पण ऑफिसात बसणं वेगळं आणि सकाळच्या लोकलने तिथे पोचणं वेगळं. वरची कडी धरता येत नाही, आणि लेडीज डब्यातली कोपरं कोणाच्या टाक्यांना ओळखत नाहीत. रजा मागताना साहेबांना प्रवासाचंही सांगा. निदान सहा आठवडे घरून काम, नाहीतर गर्दी ओसरल्यावरची गाडी.