धारगळची सुई

३० नोव्हेंबरला चर्चमध्ये पहाटेची मिसा, म्हणजे प्रार्थना, झाली आणि आम्ही तेवीस जण सावंतवाडीहून चालत निघालो. ३ डिसेंबरला सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, फेस्त, त्याआधी जुन्या गोव्यात पोचायचं. इन्सुली कधी गेलं, बांद्यात काय खाल्लं, आठवत नाही. पिशवीच्या तळाशी ठेवलेलं महिला मंडळाचं रजिस्टर तेवढं आठवतं. परत आल्यावर लगेच हिशोब द्यायचा होता, म्हणून मुक्कामाला बेरजा करायला ते बरोबर घेतलं होतं.

बारा वर्षं मी खजिनदार. शिवाय चर्चच्या गाण्याचा कॉयर, नाताळची समिती, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग, भिशी. भिशी सोडली तर सगळी चर्चचीच कामं, त्यामुळे नाही म्हणायला जीभ उचलत नसे. पण मिसाच्या वेळी फादर प्याला उंचावत आणि मी वेदीवरची फुलं बघत असे. शेवंती कमी आली, पैसे मात्र पूर्ण घेतले. माझी स्वतःची अशी शेवटची रोजरी, जपमाळ, कधी झाली होती?

दुसऱ्या दिवशी पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली. हमरस्ता रुंद झाला तशी झाडं गेली, डांबर नुसतं भाजत होतं. पुढे एकाने स्पीकर लावलेला, मागे एक काका रोजरी इतकी भरभर म्हणत होते की ‘नमो मारिया’ सुरू व्हायच्या आत संपत होतं. मला दोघांचाही राग येत होता. त्यात फोन. खुर्च्यांचा अ‍ॅडव्हान्स कोणी दिला? नाताळच्या देखाव्यातल्या गोठ्याचं गवत कुठे ठेवलंय?

धारगळला टाच टेकवेना. रस्त्याकडेला शिवणकामाचं छोटं दुकान होतं, पायरीवर बसले. आतून एक म्हातारी बाई आली. कपाळावर बुक्का. काही न विचारता तिने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी संकोचाने ओढला, तिने परत घेतला. मशीनला जांभळा दोरा होता. रंग नको म्हणून तिने डबा उपसून पांढरा शोधला. सुई मेणबत्तीवर धरली, फोडाच्या एका कडेने घालून दुसऱ्या कडेने काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून हळूहळू झिरपायला लागलं. पंढरपूरला चालत जाताना हे शिकले, म्हणाली. मग पिशवी बाजूला करायला उचलली आणि थांबली.

“हातूंत फातर घातल्यात काय गो?” ह्यात दगड भरलेत का, विचारत होती.

मला रडू फुटलं. ती पाणी आणायला आत गेली.

तिथूनच मी अध्यक्षीणबाईंना फोन केला. रजिस्टर टेम्पोतून पाठवते, माझ्या जागी दुसरं कोणी बघा. “ऐन नाताळात?” एवढंच त्या म्हणाल्या. त्या दुखावल्या. अजूनही बोलत नाहीत, आणि मला ते लागतं.

म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, पाया पडले आणि झोपले. तिसऱ्या दिवशी पर्वरी, पणजी, मग रायबंदरचा मांडवीकाठचा लांब रस्ता. तिथे मी मुद्दाम मागे राहिले. १५४१ साली सायब लिस्बनहून निघाला तेव्हा सोबत नोकर न्या म्हणून आग्रह झाला होता. त्याने मानलं नाही, जहाजावर आपले कपडे आपणच धुतले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला साधेपणाची वाटायची. त्या दिवशी वाटलं, त्याला कुणाचं ओझं व्हायचं नव्हतं आणि कुणाचं घ्यायचंही नव्हतं. खाडीवर बगळे होते. एकेक मणी ओढत रोजरीची पाचही दशकं म्हटली. मध्येच गवताचं आठवलं. मणी सोडला नाही.

बॉम जेझू चर्चमध्ये सायबाच्या शवपेटीच्या दर्शनाला रांगेत तीन तास गेले. समोर पोचले तेव्हा मागायचं काहीच सुचलं नाही. नुसती उभी राहिले, मागच्यांनी ढकलेपर्यंत.

मुलांचा वर्ग मी ठेवलाय. ती मला हवीत. बाकी सगळं सोडलं. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी मागच्या बाकावर बसले होते. कॉयरचा वरचा सूर फसला, माझे ओठ हलले. चप्पल काढून टाच थंड लादीवर टेकवली. दोरा गळून गेला होता.