जांभळी नाक्याच्या गर्दीआडचं जुनं ठाणं

आम्ही नवी मुंबईकर ठाण्याला येतो ते बहुतेक वेळा गाडी बदलायला. ट्रान्स-हार्बरची लोकल फलाटाला लागली की पुलाच्या जिन्याकडे धाव घ्यायची, पुढची कल्याण किंवा सीएसएमटी गाठायची, आणि ठाणं मागे पडतं. माझ्या आत्याला हे फार लागतं. तिचं बालपण ठाण्यातल्या चरईत गेलं, लग्नानंतर ती नेरूळला आली, पण बोलताना अजूनही "आमच्या ठाण्यात" म्हणते. "अगं, तुम्हाला ठाणं म्हणजे नुसते जिने आणि घोडबंदर रोडचे टॉवर. मूळ गाव कुठे आहे ते माहीत तरी आहे का तुला?" असं ती इतक्यांदा म्हणाली, की शेवटी एका मंगळवारी सुट्टी काढून तिच्याबरोबर निघाले. तिची अट एकच होती: रिक्षा करायची नाही.

स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखालून बाहेर पडून स्टेशन रोडने चालत जांभळी नाक्याला यायला फार वेळ लागत नाही. भाजी, फुलं, नारळ, अगरबत्त्या, स्टीलची भांडी, हातगाड्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या दुचाकी, असा तो सगळा कल्लोळ. फुलवाल्यांच्या रांगेत आत्या एका बाईंसमोर थांबली. त्या बेल निवडत होत्या. एकेक पान उजेडाकडे धरून बघायचं, किडीनं भोक पाडलेलं असेल तर बाजूला, तिन्ही दलं अखंड असतील तर देठाची जाड गाठ नखानं खुडून टाकायची आणि पान ओल्या फडक्यावर ठेवायचं. गिऱ्हाईकाशी बोलणं चालू, सुट्ट्या पैशांचा हिशोब चालू, आणि बोटं मात्र चुकत नव्हती. आत्यानं बेल आणि पांढरी फुलं घेतली. "ताई, आज गर्दी नाही, निवांत बसा आत," असं त्या बाईच आम्हाला म्हणाल्या.

आत म्हणजे कौपिनेश्वराच्या देवळात.

बाजारातून देवळाच्या आवारात पाऊल टाकलं आणि पहिला फरक कानांना जाणवला. हॉर्न ऐकू येत होते, पण लांबून. जुन्या वाड्यात दिंडीतून आत गेल्यावर चौक लागतो, आणि रस्ता बाहेर राहतो, तसंच हे आवार आहे. मधे महादेवाचं मुख्य देऊळ, त्याच्यासमोर नंदी, आणि भोवतीनं लहान लहान देवळं: राम, मारुती, शीतलादेवी, कालिकामाता, उत्तरेश्वर, आणि सहसा कुठे न दिसणारे ब्रह्मदेवसुद्धा. गाभाऱ्यातलं शिवलिंग इतकं मोठं आहे की कवेत मावणार नाही. मी अनेक शिवमंदिरं पाहिली आहेत, पण एवढ्या गाभाऱ्यात एवढं लिंग पाहून क्षणभर बेल वाहायचंच विसरले.

आत्यानं दर्शन घेऊन प्रदक्षिणा सुरू केली. अभिषेकाचं पाणी बाहेर येतं त्या जागेपाशी ती थांबली, हात जोडले आणि आल्या वाटेनं मागे फिरली. महादेवाच्या प्रदक्षिणेत ही पाण्याची वाट ओलांडायची नाही, हे मलाही माहीत होतं. पण तिचं ते वळणं इतकं सहज होतं की कुठे थांबायचं हे तिच्या पायांनाच ठाऊक असावं. लहानपणी आबांचं बोट धरून ती इथे कीर्तनाला यायची. तेव्हाही इथेच बसायचो, असं सांगत तिनं मला सावलीतल्या एका पायरीवर बसवलं.

त्या पायरीवर आम्ही बराच वेळ बसलो आणि मला हळूहळू कळत गेलं की इथे येणारा प्रत्येक जण काही देवासाठी थांबत नाही. एक कॉलेजची मुलगी वहीत डोकं खुपसून बसली होती. दोन आजोबा वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन वाचत होते. भाजीच्या पिशव्या घेतलेल्या एक काकू चपला काढून आल्या, कळसाला हात जोडले, पिशव्या खाली ठेवून पाच मिनिटं नुसत्या बसल्या आणि निघाल्या. ऑफिसला जाणारा एक मुलगा घंटा वाजवून धावतच गेला. ठाण्यातल्या सगळ्यात गजबजलेल्या बाजाराला लागून ही बसायची जागा आहे, आणि तिथून कोणी कोणाला उठवत नाही.

आता थोडं इतिहासाचं, कारण त्याशिवाय या चौकाचं मोल कळणार नाही. ठाणे म्हणजे शिलाहार राजघराण्याचं श्रीस्थानक, उत्तर कोकणची राजधानी. अंबरनाथचं प्रसिद्ध शिवालय ज्या घराण्याच्या काळात १०६० साली उभं राहिलं, तेच हे घराणं. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खणताना १०१७ सालचा शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला होता. म्हणजे या मातीत हजार वर्षांचा लेखी पुरावा आहे. कौपिनेश्वराची परंपरा त्या शिलाहार काळापर्यंत नेली जाते. मग १५३४ च्या तहानं वसईबरोबर हा सगळा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि पुढची दोनशे वर्षं त्यांचा अंमल राहिला. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७३९ मध्ये वसई पडली. त्यानंतर सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० साली हे देऊळ नव्यानं बांधून काढलं. पुढे १८७९ मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी काढून त्याचा जीर्णोद्धार केला. राजा गेला, फिरंगी गेला, पेशवाई गेली, आणि शेवटी देऊळ सांभाळलं ते गावानं. मला या सगळ्या इतिहासातली ही वर्गणीची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

हे सारं चार ओळींत सांगणारी, दुरून वाचता येईल अशी एक मोठी पाटी प्रवेशापाशी असावी, असं मला मनापासून वाटतं. रोज हजारो माणसं त्या दारावरून जातात. त्यातल्या एखाद्या शाळकरी मुलानं जरी थांबून वाचली, तरी त्याला आपलं गाव केवढं जुनं आहे हे कळेल.

आवारातून निघून आम्ही मासुंदा तलावाच्या काठाला आलो. ठाणेकर याला तलावपाळी म्हणतात. संध्याकाळी इथे पाय ठेवायला जागा नसते, सकाळी मात्र चालणारी माणसं आणि बाकांवर बसलेले पेन्शनर. कडेकडेनं चालत गेलं की सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च लागतं. पोर्तुगीज काळातली ही वास्तू. तिच्या आवारात शाळा आहे आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली होती, त्यामुळे इथे शांतता शोधू नये. चर्चच्या आत मात्र गारवा होता. मागच्या बाकावर एक आजी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. बाहेर पडताना त्यांनी दुसऱ्या बाईंशी जी बोली बोलली ती ऐकून आत्या खूश झाली. ईस्ट इंडियन म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती माणसांची ती मराठी, जुन्या साष्टी बेटावरची. त्यांचं गाव, त्यांचे सण, त्यांची लग्नातली गाणी सगळी याच भाषेत. एकेकाळी ठाण्यातले ख्रिस्ती विणकर रेशमाच्या कापडासाठी नावाजलेले होते. आज तो माग कुठेच वाजत नाही.

तिथून टेंभी नाक्याकडे. नवरात्रात हा नाका देवीच्या दर्शनाला आलेल्या माणसांनी भरून जातो. तसा तो गर्दीसाठीच ओळखला जातो. पण सिव्हिल हॉस्पिटलजवळ, रस्त्यालगत, १८७९ सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, उभं आहे. शाअर हशामायीम त्याचं नाव. कौपिनेश्वराचा जीर्णोद्धार आणि हे सिनेगॉग दोन्ही एकाच वर्षीचं, हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं आणि मी ते आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मग काय! एकाच गावातली माणसं, एकाच सुमाराला हाती पैसा आला असेल." तिचा तर्क मला आवडला. रेल्वे येऊन पंचवीस वर्षं होऊन गेली होती, गाव वाढत होतं.

बेने इस्रायल हा मराठी ज्यू समाज कोकणातल्या गावांमधून इकडे आला. तिकडे त्यांचा धंदा तेलाच्या घाण्याचा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आडनावं पेणकर, रोहेकर, नागावकर अशी, थेट गावांवरून आलेली. घरात मराठी. आत्याची शाळेतली जिवलग मैत्रीण याच समाजातली होती. तिच्याकडच्या मलिद्याची आठवण आत्या अजून काढते: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि मधोमध एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं नाव घेऊन म्हटलेली प्रार्थना. "आमच्या सत्यनारायणाचा शिरा तिच्याकडे जायचा आणि तिच्याकडचा मलिदा आमच्याकडे यायचा," ती म्हणाली. मैत्रीण पुढे इस्रायलला गेली. सत्तरीला आलेल्या या दोघी आता व्हॉट्सॲपवर मराठीत व्हॉइस मेसेज पाठवतात. फाटकापाशी उभं राहून आत्यानं वास्तूचा एक फोटो काढला आणि तिथल्या तिथे तिला पाठवून दिला.

कोर्ट नाका ओलांडून खाडीच्या बाजूला गेलं की उंच भिंत सुरू होते. ठाण्याचा किल्ला तो हाच, आता मध्यवर्ती कारागृह. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतला आणि पुरा व्हायच्या आतच मराठ्यांनी जिंकला. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो हिसकावला. याच किल्ल्यातून १८१६ च्या सप्टेंबरात दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे निसटले होते. इंग्रजांनी पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवले होते. बाहेर घोड्याला खरारा करणारा मोतद्दार मराठीत गाणं म्हणत राहायचा, आणि त्या गाण्यातून सुटकेचा सगळा बेत आत पोचायचा. पहारेकऱ्यांना मराठीचा गंध नव्हता.

या भिंतीपाशी मात्र माझं मन जड झालं. १८४८ च्या मे महिन्यात इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या राघोजी भांगरे यांना इथेच फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या क्रांतिकारकांना इथेच. कान्हेरे तर विशीतही पोचले नव्हते. रस्त्यावर वाहनं चालू होती, पलीकडे चहाच्या टपरीवर वकिलांचे कोट लटकत होते. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हात जोडले आणि काही न बोलता चालायला लागली. मीही तसंच केलं.

मामलेदार कचेरीजवळची मिसळ खाल्ली. तिच्याबद्दल बाकीच्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे, मी एवढंच सांगते की तिखटाची सवय नसेल तर आधी सांगून ठेवा.

शेवटचा मुक्काम आत्याच्या हट्टानं मराठी ग्रंथसंग्रहालय, सुभाष पथावरचं. १ जून १८९३ रोजी प्राचीन मराठी वाङ्मयाचे इतिहासकार वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं हे सुरू झालं, तेही केवळ मराठी ग्रंथांसाठी. इंग्रजी शिकलेला माणूस मराठी पुस्तक हातात धरायला कचरत होता अशा काळात, मुंबईत नव्हे तर ठाण्यासारख्या गावात, मराठी पुस्तकांचं घर उभं करायचं ठरवणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. ठाण्याला त्याची बैठक होतीच म्हणा. 'अरुणोदय' हे वृत्तपत्र १८६६ पासून इथूनच निघत होतं. आत्यानं दहावीनंतरच्या सुट्टीत इथली पुस्तकं सपाटून वाचली. आजही वाचनालयात माणसं मान खाली घालून वाचत बसलेली होती, पंखा फिरत होता, आणि देव-घेव विभागात एक बाई आपल्या नातवासाठी गोष्टीचं पुस्तक बदलून घेत होत्या.

देऊळ, तलाव, चर्च, सिनेगॉग, किल्ला, ग्रंथालय, सगळं रमतगमत पायी होतं. कुठेही तिकीट नाही, कुठेही गाइड नाही. या जागा टिकल्या आहेत कारण त्या रोज वापरात आहेत. देवळात दिवा लागतो, चर्चमध्ये प्रार्थना होते, पुस्तक घरी जाऊन परत येतं. फक्त बाहेरगावच्या माणसाला आत बोलावणारं कोणी नाही, म्हणून मी हे लिहायला घेतलं.

जाणार असाल तर आठवड्यातला मधला वार आणि सकाळची वेळ धरा. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र या दिवशी कौपिनेश्वराची रांग बाजारात येते, तेव्हा बसायला मिळणार नाही. याउलट गर्दीच पाहायची असेल तर गुढीपाडव्याला या; स्वागतयात्रेची पालखी याच देवळातून निघते. सिनेगॉग आतून पाहायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि ओळखपत्र जवळ ठेवावं लागतं. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, त्या दिवशी जाऊ नये. कारागृहाच्या भिंतीचे फोटो काढू नका. आणि घरात मूळ ठाणेकर आत्या, मावशी, आजोबा कोणी असतील, तर त्यांना घेऊन जा. त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल तर तलावपाळीवर बाक भरपूर आहेत.